अस्सल माणसाला तोतया कोण ठरवतं?

२६ मार्च २०२४ ची रात्र. अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'डाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली, जहाज भरकटलं आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळलं. बघता बघता पूल पाण्यात गेला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा मजूर मरण पावले. सहाही जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले होते.

शहराचे महापौर ब्रँडन स्कॉट माहिती द्यायला पत्रकारांसमोर उभे राहिले. ते कृष्णवर्णीय आहेत. थोड्याच वेळात समाजमाध्यमांवर त्यांना एक नाव चिकटलं, 'डीईआय मेयर'. डीईआय म्हणजे विविधता, समता आणि समावेशन यांसाठी अमेरिकेतल्या कंपन्या, विद्यापीठं आणि सरकारी कचेऱ्या चालवत आल्या ते उपक्रम. टोमण्याचा अर्थ इतकाच, की हा माणूस लायकीवर इथे आलेला नाही, त्याला रंगामुळे बसवलंय. स्कॉट लोकांच्या मतांवर निवडून आले होते आणि जहाजाची वीज जाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. जहाजावरचे खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते. त्यांची लंगोटीतली टिंगल करणारं एक व्यंगचित्रही त्याच दिवसांत फिरलं. प्रत्यक्षात जहाजावरून वेळेत धोक्याचा संदेश गेला, म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली आणि कितीतरी जीव वाचले.

त्याच वर्षी जुलैमध्ये काही रिपब्लिकन खासदारांनी हाच शब्द कमला हॅरिस यांच्यासाठी वापरला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले असे उपक्रम बंद करण्याचे आदेश काढले आणि हा वाद घराघरांत पोचला. न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात आपल्या कुणाची ना कुणाची मुलं, भाचे, पुतण्या नोकरी करतात. त्यांच्याशी बोलताना दोन शब्द हमखास कानावर येतात, 'इम्पोस्टर सिंड्रोम' आणि 'ऑथेंटिक लीडरशिप'. दोन्ही शब्द ऐकायला भारदस्त आहेत, पण त्यांच्यामागची गोष्ट आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

आधी शब्द समजून घेऊ

१९७८ साली अमेरिकेतल्या पॉलीन क्लान्स आणि सुझन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी त्या काम करत होत्या. पदव्या, पारितोषिकं, वरिष्ठांची शाबासकी सगळं असूनही या स्त्रियांना आतून वाटायचं, की आपण हुशार नाही, लोकांची काहीतरी गफलत झालीय आणि एक दिवस आपलं बिंग फुटणार. या अनुभवाला त्यांनी इम्पोस्टर म्हणजे तोतया हा शब्द जोडला. त्यांनी त्याला 'सिंड्रोम' म्हटलं नव्हतं. तो शब्द पुढे लोकांच्या तोंडी बसला आणि त्याला आजाराचा वास आला. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत हे नाव नाही. मी पुढे 'तोतयेपणाची भावना' असंच म्हणेन.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्यायला हवी. ज्या स्त्रियांवरून ही कल्पना बांधली गेली, त्या बहुतेक गोऱ्या आणि खाऊनपिऊन सुखी घरांतल्या होत्या.

दुसरा शब्द 'ऑथेंटिक लीडरशिप', आपण त्याला अस्सल नेतृत्व म्हणू. मेडट्रॉनिक या कंपनीचे माजी प्रमुख बिल जॉर्ज यांनी २००३ च्या सुमारास ही कल्पना लोकप्रिय केली. त्यांचं सांगणं असं, की नेत्याने मुखवटा लावू नये, स्वतःला ओळखावं, जे मानतो तेच बोलावं आणि तसंच वागावं. ऐकायला सरळ आणि चांगलं आहे. मला स्वतःला ते पटतंही.

राहिला तिसरा शब्द. अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, मूलनिवासी अशा सगळ्यांना मिळून 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. आपण गोरेतर म्हणू. पुण्या-नागपुरातून तिकडे गेलेला इंजिनियर विमानातून उतरल्यापासून याच गटात मोजला जातो.

तोतया आणि दरबार

तोतया हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक माणूस उभा राहिला. ओळख पटवण्याचे प्रयत्न झाले, खुणा विचारल्या गेल्या, साक्षी काढल्या गेल्या. काहींनी त्याला भाऊ मानलंही. अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला.

त्या तोतयाला स्वतःबद्दल पुरेपूर ठाऊक होतं, की आपण भाऊ नाही. तरी तो ताठ मानेने उभा होता. तोतयेपणाच्या भावनेत चित्र नेमकं उलटं होतं. माणूस अस्सल असतो, त्याची विद्या आणि मेहनत खरी असते, तरी त्यालाच आपण तोतया वाटतो.

आता जरा त्या माणसाकडून नजर काढून दरबाराकडे बघा. समजा खरेच भाऊ परत आले असते आणि दरबाराने त्यांना रोज सकाळी विचारलं असतं, 'तुम्ही भाऊच कशावरून? कालची खूण चालायची नाही, आज नवी सांगा.' महिना, वर्ष, दहा वर्षं. अकराव्या वर्षी भाऊंनाही आरशासमोर उभं राहून एकदा तरी शंका आली असती. ती शंका भाऊंच्या डोक्यातला बिघाड म्हणायची का?

या सगळ्या विषयाचं मर्म मला इथे दिसतं. गोरेतर माणसाला वाटणाऱ्या तोतयेपणातला बराचसा भाग त्याच्या मनात उगवलेला नसतो. आजूबाजूच्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांचा तो साठलेला गाळ असतो.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्येच हे मांडलं होतं. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन, साल १८९५. त्यांनी या अवस्थेला दुहेरी जाणीव म्हटलं. माणूस स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत राहतो आणि त्या दुसऱ्याच्या नजरेत तुच्छता असते. मानसशास्त्रज्ञांना तोतयेपणाचा शब्द सापडायच्या पाऊणशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

तांबड्या पाठीची फाईल

न्यू जर्सीत मी काही वर्षं नोकरी केली. तिथे माझी वरिष्ठ एक कृष्णवर्णीय बाई होती. कामात पक्की, बोलायला मऊ. तिच्या टेबलावर तांबड्या पाठीची एक जाडजूड फाईल कायम असायची. बैठकीला जाताना लॅपटॉपच्या आधी ती फाईल उचलायची.

एकदा मी तिला विचारलं, की सगळं संगणकावर असताना हे ओझं कशाला वागवतेस? तिने फाईल उघडून दाखवली. गेल्या चार वर्षांत घेतलेल्या प्रत्येक मोठ्या निर्णयाला कुणी, कधी मंजुरी दिली त्याच्या ईमेलच्या छापील प्रती होत्या, तारीखवार लावलेल्या. कडेला पिवळ्या चिठ्ठ्या आणि त्यांवर तिच्या बारीक अक्षरात विषय. ती म्हणाली, "मला बैठकीत विचारतात, हे कुणी मंजूर केलं? ईमेल शोधायला अर्धा मिनिट लागला, की तेवढ्यात खोलीतली हवा बदलते."

त्यानंतर मी बैठकांत कान देऊन ऐकू लागले. खरंच होतं. 'हे कुणी मंजूर केलं?' हा प्रश्न तिला जवळपास दर बैठकीत यायचा. तिच्या शेजारी बसणाऱ्या, त्याच हुद्द्यावरच्या गोऱ्या सहकाऱ्याला तो प्रश्न आलेला मी एकदाही ऐकला नाही. तो नुसता म्हणायचा, 'आम्ही असं ठरवलंय', आणि बैठक पुढे सरकायची.

कंपनीने तिला आत्मविश्वास वाढवण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथे शिकवलं, की मनातल्या टीकाकाराचं ऐकू नका. परत आल्यावर ती मला म्हणाली, "माझा टीकाकार मनात नाही गं, तो टेबलाच्या पलीकडे बसतो."

पाऊस पडत असताना छत्री घेऊन निघणाऱ्याला आपण घाबरट म्हणत नाही.

याच फाईलचा सगळ्यात मोठा नमुना जगाने पाहिलाय. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत अशी आवई उठत राहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी, पदावर असताना, त्यांनी आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर केला. देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या माणसालाही फाईल काढून दाखवावी लागली.

'पण असं तर सगळ्यांनाच वाटतं!'

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अर्धा बरोबर आहे. २०२० साली या विषयावरच्या ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात तोतयेपणाची भावना असणाऱ्यांचं प्रमाण कुठे ९ टक्के तर कुठे ८२ टक्के निघालं. मोजायची पट्टी कोणती आणि गट कोणता, यावर आकडा इतका हलतो. पुरुषांनाही असं वाटतं, गोऱ्यांनाही वाटतं. नवी जबाबदारी आली की छाती धडधडणं हे माणसाचंच लक्षण आहे.

फरक पुढे पडतो. गोऱ्या माणसाच्या मनात शंका आली, तर बाहेरचं जग बहुधा ती खोडून काढतं. त्याच्यासारखे चेहरे वरच्या मजल्यावर भरपूर असतात, त्याच्या चुकीला 'शिकतोय' म्हणतात. गोरेतर माणसाच्या मनात तीच शंका आली, तर बाहेरचं जग तिला दुजोरा देतं.

दुजोरा कसा, ते मोजलं गेलंय. बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. अर्जांचा दर्जा सारखा ठेवला. नावं मात्र वाटून दिली, काहींवर गोऱ्यांत आढळणारी, एमिली किंवा ग्रेग, काहींवर कृष्णवर्णीयांत आढळणारी, लकीशा किंवा जमाल. २००४ साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला एक फोन येण्यासाठी साधारण १० अर्ज पुरले, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला १५ लागले. लकीशाने 'मी कमी पडतेय का?' असा विचार केला, तर तिला मिळालेली माहितीच तशी होती.

मिशेल ओबामा यांना शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, की तू काही प्रिन्स्टनला जाण्यातली वाटत नाहीस. त्या प्रिन्स्टनला गेल्या, हार्वर्डला वकिली शिकल्या. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी सांगितलं, की तोतयेपणाची भावना थोडी अजूनही आहे, ती पुरती जात नाही. सतराव्या वर्षी कानावर पडलेलं एक वाक्य माणूस किती वर्षं वागवतो!

आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. केव्हिन कोकली या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या २४० गोरेतर विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये तो छापला. तोतयेपणाची भावना आशियाई विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आढळली. मला याचं नवल वाटलं नाही. 'इंडियन आहेस म्हणजे गणितात हुशारच असणार' हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण ज्याला गणितात ७० मिळतात त्या मुलाला विचारा. अपमानाने जसं माणूस खचतो, तसं अवास्तव अपेक्षेनेही खचतो. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की वंशामुळे येणाऱ्या ताणापेक्षाही तोतयेपणाची भावना मानसिक त्रासाशी अधिक जोडलेली होती. म्हणून ही भावना समाजाने दिलेली आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत. उगम बाहेर असला तरी जखम आतच होते आणि तिच्यावर समुपदेशकाची मदत घेण्यात काहीही कमीपणा नाही.

स्वतःसारखं राहा, पण किती?

आता अस्सल नेतृत्वाकडे. 'मुखवटा काढा' हा सल्ला सगळ्यांना सारखाच दिला जातो. मुखवटा काढण्याची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडत नाही.

केसांचंच घ्या. कृष्णवर्णीयांचे केस निसर्गतः कुरळे आणि दाट. वेण्या, जटांसारख्या बटा किंवा मोकळा कुरळा डोलारा ही त्यांची स्वाभाविक केशरचना. ती 'ऑफिसला शोभत नाही' म्हणून नोकऱ्या नाकारल्या गेल्या, शाळेतून मुलांना घरी धाडलं गेलं. केसांवरून भेदभाव करायचा नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. मिशेल ओबामांनी २०२२ मध्ये सांगितलं, की व्हाइट हाऊसमध्ये असताना त्या केस सरळ करून घेत, कारण त्यांच्या नैसर्गिक केसांची लोकांना अजून सवय झालेली नव्हती. नाहीतर कामाऐवजी चर्चा केसांचीच झाली असती. आता सांगा, त्या अस्सल नव्हत्या का? माझ्या मते त्यांनी आपली ताकद कुठे खर्चायची ते ठरवलं होतं.

अर्जातला वंश लपवणं हाही याचाच भाग. २०१६ सालच्या एका अभ्यासात अर्जातून वंशाच्या खुणा पुसून पाहिल्या. नाव गुळगुळीत केलं, कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेतलं काम गाळलं. खुणा पुसलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जांना २५ टक्के फोन आले, न पुसलेल्यांना १० टक्के. आशियाई अर्जांत हेच प्रमाण २१ आणि साडेअकरा टक्के होतं. मन खट्टू करणारी गोष्ट पुढे आहे. 'आम्ही विविधतेचं स्वागत करतो' असं जाहिरातीत लिहिणाऱ्या कंपन्याही तितकाच भेद करत होत्या. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मोकळेपणाने स्वतःबद्दल लिहिणाऱ्याचंच नुकसान होत होतं.

स्वभावाचीही तीच गत. लिव्हिंगस्टन आणि पिअर्स यांनी २००९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचे चेहरे अभ्यासले. कृष्णवर्णीय प्रमुखांत ज्यांचा चेहरा बाळसेदार, सौम्य, त्यांच्याकडे अधिक मोठ्या कंपन्या होत्या. गोऱ्या प्रमुखांत उलटं. म्हणजे कृष्णवर्णीय पुरुषाला वर चढायचं, तर त्याची कुणाला भीती वाटता कामा नये. अशा माणसाला 'राग आला तर मोकळेपणाने दाखव, अस्सल राहा' असं सांगणं धोक्याचं आहे.

बोलण्याच्या बाबतीत तर आपल्याला वेगळं उदाहरणही नको. 'आनि', 'पानी' म्हणणारा मुलगा पुण्यात मुलाखतीला जातो तेव्हा घरचा 'न' घरी ठेवून दुकानातून आणल्यासारखा 'ण' लावतो. घरी आईशी फोनवर बोलताना तोच 'न' आपसूक परत येतो. अमेरिकेत या अदलाबदलीला 'कोड स्विचिंग' म्हणतात. दिवसभर हे करणं म्हणजे एका कानाने स्वतःच्याच बोलण्यावर पहारा ठेवणं. संध्याकाळपर्यंत माणूस दमतो आणि दमण्याचं कारण त्याला कुणाला सांगताही येत नाही.

यातून वाट आहे का? व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी २०१५ मध्ये एक चांगला मुद्दा मांडला. अस्सलपणा म्हणजे आज मी जसा आहे तसाच थिजून राहणं, असं मानलं तर माणूस वाढणारच नाही. नवी जबाबदारी आली की नवं वागणं अंगात घालून बघावं लागतं, सुरुवातीला ते खोटंही वाटतं. हे मला पटतं, फक्त त्यात एक भर घालावीशी वाटते. वाढण्यासाठी बदलणं वेगळं आणि टिकण्यासाठी लपणं वेगळं. पहिल्यात माणूस संध्याकाळी थकला तरी समाधानी असतो.

पेप्सिकोच्या माजी प्रमुख इंद्रा नूयी यांचा किस्सा अनेकांनी ऐकलेला असेल. येलमध्ये शिकताना मुलाखतीसाठी त्यांनी ५० डॉलरचा सूट घेतला, तो अंगाला बसेना, पायांत बर्फात घालायचे बूट. त्या रडकुंडीला आल्या. नोकरीविषयी सल्ला देणाऱ्या बाईंनी विचारलं, भारतात असतीस तर काय घातलं असतंस? साडी. मग साडीच नेस. पुढच्या मुलाखतीला त्या साडी नेसून गेल्या आणि काम मिळालं. किस्सा सुंदर आहे. पण साडी नेसून नोकरी न मिळालेल्यांचे किस्से कुणी सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

'आपले नडेला, पिचाई पोचलेच की!'

पोचले. सत्या नडेला २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे, सुंदर पिचाई २०१५ मध्ये गूगलचे प्रमुख झाले, आपल्याला त्याचा अभिमान आहे. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासातही दिसलं, की अमेरिकेत दक्षिण आशियाई लोक नेतृत्वाच्या जागी चांगले पोचतात, चिनी-जपानी-कोरियन वंशाचे मात्र मागे राहतात. एक मोठं कारण असं निघालं, की अमेरिकेला ठासून बोलणारा नेता आवडतो आणि भारतीय माणूस ठासून बोलतो. मवाळपणे, इतरांना पुढे करून काम करणारा तितकाच कर्तबगार असू शकतो, पण ती पद्धत तिथे नेतृत्व म्हणून ओळखलीच जात नाही. आपल्याला फायदा झाला तो आपली सवय त्यांच्या साच्यात बसली म्हणून. साचा बदललेला नाही.

कृष्णवर्णीयांचं चित्र बघा. लोकसंख्येत ते १३ टक्क्यांच्या आसपास. २०२३ साली फॉर्च्यून मासिकाच्या यादीतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी ८ कंपन्यांचे प्रमुख कृष्णवर्णीय होते आणि तो तोवरचा उच्चांक होता. अर्सुला बर्न्स २००९ मध्ये झेरॉक्सच्या प्रमुख झाल्या, तेव्हा या यादीत पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या.

'कोट्यातून आल्यावर शंका येणारच'

आता सगळ्यात टोचरा आक्षेप. सवलतीने आत घेतलं तर लोक लायकीवर शंका घेणारच, त्यात चूक काय?

याला उत्तर म्हणून हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलेली आकडेवारी पाहावी. प्रवेशात वंशाचा विचार करता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी ज्या खटल्यात दिला, तोच हा खटला. त्या आकडेवारीवरून अर्थतज्ज्ञांनी दाखवलं, की हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खास रांगेतले होते. कुणी खेळाडू म्हणून, कुणी माजी विद्यार्थ्यांची मुलं म्हणून, कुणी प्राध्यापकांची मुलं म्हणून, कुणी देणगीदारांशी संबंध म्हणून. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत होतं.

आजोबा शिकले म्हणून प्रवेश मिळालेल्या मुलाला आयुष्यात कुणी 'तू कोट्यातला' म्हणत नाही. त्याला स्वतःलाही तसं वाटत नाही. सवलत दोघांनाही होती, शंका एकावरच येते. त्यामुळे शंकेचं कारण सवलत आहे, हे मला मान्य नाही.

आपल्याकडचं आडनाव

हे लिहिताना मला सारखं आपलं घर दिसतंय. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या आठवड्यात 'तुझी रँक किती?' हा प्रश्न कोण कुणाला आणि का विचारतं, हे आपल्याला माहीत आहे. 'पूर्ण नाव काय?' यातल्या 'पूर्ण' या शब्दावरचा जोरही आपण ओळखतो. त्या जोरापासून सुटका व्हावी म्हणून कित्येकांनी आडनावं बदलली, गावाच्या नावाला 'कर' लावून नवी घेतली. लकीशाने अर्जातलं नाव बदलणं आणि हे, यात मला तरी अंतर दिसत नाही.

ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीत पुष्कळ साम्य आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच.

तिकडे गेलेल्या आपल्यातल्या सवर्णांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासायला हवी. एका खोलीत आपल्याला रंगावरून जोखलं जातं आणि शेजारच्या खोलीत, चार भारतीय जमले की, आपणच कुणालातरी आडनावावरून जोखतो. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालावी लागली, ती उगाच नाही.

मग करायचं काय?

ज्याला ही भावना छळते, त्याने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा, 'मला जे विचारलं जातंय ते सगळ्यांना विचारलं जातं का?' उत्तर 'हो' असेल तर तयारी वाढवावी, त्यात भलंच आहे. 'नाही' असेल तर निदान स्वतःला दोष देणं थांबवावं. केलेल्या कामाची नोंद ठेवावी, कारण स्मरणशक्ती अपमान जपते आणि कौतुक विसरते. आणि ज्यांच्यासमोर 'न' चा 'ण' करावा लागत नाही, अशी दोन तरी माणसं गाठीशी असू द्यावीत.

पण जास्त काम खुर्चीवर बसलेल्यांचं आहे. 'छान झालं' याने काही होत नाही. काय छान झालं आणि का, ते नेमकं सांगावं, म्हणजे ऐकणाऱ्याला ते नशिबावर ढकलता येत नाही. उपदेश करणारे खूप भेटतात. आपण खोलीत नसताना आपलं नाव काढणारा, आपल्यासाठी शब्द टाकणारा एक माणूस असला तर फरक पडतो. आणि माणसाला शिबिराला पाठवण्याआधी त्याच्या बैठकीत एकदा जाऊन बसावं, कोण कुणाला काय विचारतं ते ऐकावं.

आमच्याकडे हे झालं. नवा प्रमुख आला. दोन-तीन बैठका तो गप्प बसून होता. मग त्याने नियम केला, की यापुढे प्रत्येक विभागप्रमुखाने प्रत्येक मोठ्या निर्णयासोबत मंजुरीची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. कुणाचं नाव घेतलं नाही, कारण सांगितलं नाही. पहिल्याच महिन्यात कळलं, की 'आम्ही असं ठरवलंय' म्हणणाऱ्या तिघांकडे बऱ्याच निर्णयांची मंजुरीच नव्हती. तिची नोंद मात्र चार वर्षांची, तारीखवार, पहिल्या दिवशी तयार होती.

त्यानंतर बैठकीला जाताना ती फक्त लॅपटॉप उचलायची. फाईल टेबलाच्या खालच्या खणात गेली. टाकून मात्र दिली नाही तिने.